सरांची मोडीतली वही

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. दोनदा सांगायला गेलो आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी विचारून उठलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हीसुद्धा एक पळवाटच, नाही का?

आधी माझा वैताग ऐका. परवा विजय नगरच्या सिग्नलवर एका इंजिनिअरने स्कूटर शेजारी आणली. "भिया, चौथा भाग कब ला रहे हो? आणि तिसऱ्यात सरांनी यमुनाताईंना मारलं ना — गजब! असं सरच लिहू शकतात." मी हसलो. हात जोडले. दर वेळी असेच जोडतो. घरी येईपर्यंत माझं डोकं फिरलेलं होतं — त्याच्यावर नाही, या जोडलेल्या हातांवर.

सर म्हणजे आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे ते. इंदूरमध्ये बसून मराठीत विज्ञान कादंबऱ्या लिहायचे. 'तेरावा चंद्र' ही त्यांची मालिका. परक्या चंद्रावर माणसांची एक वस्ती आणि तिथलं पाणी-हवा सांभाळणारी म्हातारी यमुनाताई. "आधी खाऊन घ्या, मग मरा," असं ती वैज्ञानिकांनाही दटावते. हे वाक्य काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, हे वाचकांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या भागाच्या शेवटी वस्तीचा प्राणवायू संपत येतो. आणि सर गेले.

मी इंदूरजवळच्या सांवेरचा. वडील ट्रॅक्टर दुरुस्त करतात. घरात माझ्याआधी कुणी आठवीपुढे गेलेलं नव्हतं. घरी मराठी, शाळा हिंदी — मला धड मराठी लिहायला सरांनी शिकवलं. शिकायला इंदूरला भंवरकुआंच्या खोलीवर राहत होतो तेव्हा दर रविवारी काकूंकडे जेवलो. पाच वर्षं! हे मुद्दाम सांगतोय. मी काय केलं ते या घरात केलं.

सरांच्या टेबलात तिसऱ्या भागाची वही सापडली. अख्खी मोडी लिपीत. त्यांचे आजोबा दरबारच्या दफ्तरात होते, त्यांनी नातवाला शिकवलेली. पूर्ण होईपर्यंत कुणी वाचू नये असं जे काही असेल, ते सर मोडीत लिहायचे. घरात दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती. त्यांचा मुलगा अजयदादा वही उलटीसुलटी करत बसला. तेव्हा काकू म्हणाल्या, "अरे, याचा झालाय ना मोडीचा पेपर! एम.ए.ला. फर्स्ट क्लास आहे."

झाला होता पेपर. कसा झाला होता, सांगू? तीनच जुनी पत्रं आलटून पालटून यायची. आम्ही सगळ्या वर्गाने ती तिन्ही देवनागरीत पाठ केली होती. पहिल्या ओळीचा आकार बघायचा, पत्र कुठलं ते ओळखायचं आणि घडाघडा लिहून यायचं. एक अक्षर वाचता येत नव्हतं मला. "काकू, मला नाही येत" — किती शब्द होतात हे? मी म्हणालो, "वाचतो ना, काकू." सगळ्यांनी माझ्याकडे इतक्या अभिमानाने पाहिलं. सांवेरचा पोरगा, बघा!

वाटलं, महिनाभरात शिकून घेऊ. कुठलं काय! प्रकाशकांचे फोन सुरू झाले आणि मी सरळ माझ्या मनाने लिहायला बसलो. सातव्या प्रकरणात अडकलो. यमुनाताईंचं काय करायचं तेच कळेना. प्राणवायू एका माणसापुरता कमी पडत होता, त्या म्हाताऱ्या होत्या — मारून टाकलं. तो जो गजब की काय म्हणतात, तो एवढाच आहे. पुस्तकावर छापलं, 'सरांच्या वहीवरून'. तसं छापा ही विनंती माझीच होती.

काकूंनी भिंगातून अक्षर न् अक्षर वाचलं. "मला मारलं होय रे यांनी?" म्हणाल्या आणि हसल्या. मग हसू थांबलं. "वहीत असंच होतं?"

"हो, काकू. असंच."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "माझ्या दुखण्यात तीन वर्षं त्यांनी माझं सगळं केलं. कंटाळले असतील. बोलले नाहीत, लिहून ठेवलं."

इथे तरी बोलायचं की नाही? मी पाणी प्यायलो.

नंतर मी मोडी शिकलो — खरीखुरी, बाराखडीपासून. दीड वर्ष लागलं. वहीत यमुनाताई मरत नाही. वस्ती रिकामी होते, सगळ्यांना ती यानात चढवते आणि शेवटी स्वतः पृथ्वीवर उतरते. दार उघडताच बाहेर उभ्या असलेल्या शिपायांना विचारते, "जेवलात का?" त्याच पानाच्या समासात सरांनी लिहिलंय: 'बाकी कुणीही जावो, यमुनेला काही होऊ द्यायचं नाही. ती नसेल तर मला पुढचं सुचणार नाही.'

काकूंना आता दिसत नाही. महिन्यातून एकदा मी जातो. छापील पुस्तक त्यांना नको असतं. "त्यांच्या वहीतलं वाच," म्हणतात. मी वही उघडतो आणि माझंच प्रकरण तोंडपाठ म्हणतो. पाठांतर माझं पहिल्यापासून चांगलं. मध्येमध्ये पान उलटतो, आवाज यावा म्हणून.

गेल्या रविवारी त्या म्हणाल्या, "यमुनेचं वाच." माझ्यासमोर उघडं होतं ते शेवटचं पान. यान उतरलेलं, दार उघडत होतं. मला आता प्रत्येक अक्षर लागतं. मी म्हणत गेलो — यमुनाताईंचा श्वास मंद होत गेला, त्यांनी आपली नळी शेजारच्या मुलीला दिली. काकू वहीच्या पानावर हात ठेवून ऐकत होत्या. बोटं नेमकी समासावर.

"अक्षर छान आहे ना रे त्यांचं?"

"हो, काकू," मी म्हणालो, आणि त्यांच्या हाताखालून पान ओढून उलटलं.