खाली-वर निखारे

घरातलं माणूस गेलं की तेराव्यापर्यंत रडणारे येतात आणि त्यानंतर किस्से सांगणारे. आई जाऊन पाच महिने झाले, तरी ओसरीवर कोणी टेकलं की पानाचा डबा उघडायच्या आत म्हणतं, "मास्तर, तुमच्या आईचं ते चिनी माशाचं काय झालं होतं हो?" एक सांगून होतो तोवर दुसरा आठवतो. ऐकणाऱ्याला ते हसण्यासारखे वाटतात, आणि आहेतही. पण आमच्या घरात तो मासा ज्या भीतीत शिजला ती त्यांना ठाऊक नाही. म्हणून एकदा सगळे ओळीने सांगून टाकतो.

*

दत्तू माझा धाकटा भाऊ. मी रत्नागिरीत मराठी शाळेवर मास्तर. तो मुंबईहून चीनकडे जाणाऱ्या बोटीवर आगवाला, म्हणजे बोटीच्या पोटात बसून भट्टीत कोळसा घालणारा. वर्षा-दीड वर्षाने घरी यायचा. एका खेपेला त्याच्या पेटीतून धोतरात गुंडाळलेली बाटली निघाली. आत काळाकुट्ट रस.

"काय रे मेल्या हे?" आईने विचारलं.

"कसल्यातरी कडधान्याचा खारवलेला रस आहे. चिनी लोक माशाला लावतात. आमच्या बोटीवरच्या चिनी भटाऱ्याने दिला."

शेजारच्या काशीकाकूंनी बाटली दारातल्या उजेडात धरून पाहिली आणि सांगितलं, "बेडूक आटवलेत गो यात."

आईने ती बाटली देवांपासून सगळ्यात लांब, गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवली. त्या संध्याकाळी म्हैस दूध देईना.

"तिला वास आला असेल," दत्तू म्हणाला.

"मग म्हशीला तुझ्यापेक्षा अक्कल आहे," आई म्हणाली.

*

तरी मासा झालाच. दत्तूने सकाळी बंदरावरून अख्खी तांबोशी आणली. डोकं-शेपूट काही तोडू दिलं नाही. पोटात आलं आणि कांद्याची पात भरली, वरून तिळाचं तेल आणि तो काळा रस चोळला, केळीच्या पानात बांधून पसरट टोपात ठेवली. मग काकडीचं गोड धोंडस भाजतात तसे टोपाखाली निखारे, वर झाकण, झाकणावर निखारे. "भट्टी मला शिकवू नका," एवढंच तो सारखा म्हणत होता. आई परसात तोंडाला पदर लावून बसली होती.

पान उघडल्यावर वास चांगला होता, पण हात कोणी पुढे करेना. शेवटी माझ्या बायकोने, यमुनेने, तोड काढली. पहिला तुकडा मांजरीला. मांजरीने खाल्ला, तोंड चाटलं. तेवढ्या भरवशावर आम्ही सगळे जेवलो.

दुसऱ्या दिवशी मांजर दिसली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी वर्गात मुलांना गणितं घालून टेबलाखाली स्वतःची नाडी मोजत होतो. यमुनेने सगळ्यांना सुंठीचा काढा दिला. आईने देवीला नारळ बोलला.

चौथ्या दिवशी मांजर माळ्यावरून उतरली, तोंडात एक पिल्लू धरून. वर आणखी तीन होती.

*

पुढच्या खेपेला दत्तूने त्या माशाची रीत सांगितली. ताटातला मासा म्हणजे बोट. वरची बाजू खाऊन झाली की मधला काटा अलगद उचलून काढायचा आणि खालची बाजू तशीच खायची. मासा उलटायचा नाही. ज्याच्या घरचं माणूस दर्यावर आहे, त्याने तर कधीच नाही.

आम्ही हसलो. आई हसली नाही. तिने विचारलं, "आणि उलटला तर?"

 दत्तूने काटा काढला आणि जेवत राहिला. त्या दिवसापासून आईची त्या बाटलीवरची भीती गेली. ती भीती दुसरीकडे जाऊन बसली.

*

दत्तू दर्यावर असताना आमचे हेडमास्तर जेवायला आले. बढतीची शिफारस त्यांच्या हातात, म्हणून यमुनेने मुद्दाम तोच मासा केला. हेडमास्तर खूश. वरची बाजू संपवून त्यांनी सवयीने दोन बोटांनी मासा उलटायला घेतला.

आई शाळेतलं कोणी आलं की माजघरातून बाहेर येत नसे. त्या दिवशी ती धावत आली आणि तिने हेडमास्तरांचं मनगट घट्ट धरलं.  हेडमास्तरांचा घास तोंडातच. यमुनेने वाकून काटा काढून घेतला, तेव्हा आईने हात सोडला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, घरी इतकी अडचण होती तर सांगायचं. मी अर्ध्याच माशावर उठलो असतो."

शिफारस झाली. मला वाटतं, दया येऊन झाली.

*

गेल्या वर्षी पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने दत्तू निघाला. निघण्याआधी मासा भाजलाच. मी आणि यमुना आधी बसलो. दत्तू बाहेर ओसरीवर पेटीला दोर बांधत होता. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दत्तूला मऊ भाग ठेवावा म्हणून तिने पितळीत हात घातला आणि मासा उलटला.

मी पाहिलं. यमुनेने पाहिलं. आईला बोटांनी कळलं.

"मी काय केलं रे?"

"काही नाही, आई."

"परत सरळ करू?"

"नको," यमुना हळूच म्हणाली. "तसं केलं तर दोनदा उलटला असं होईल."

तेवढ्यात दत्तू हात धुऊन आला, बसला, बोलत बोलत जेवला आणि गेला. मी त्याला बंदरावर, बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावापर्यंत पोचवलं. परत आलो तेव्हा आई त्याच जागी बसली होती.

*

दुसऱ्या दिवशी माझ्या पानात भाकरी पडली ती खालून करपलेली आणि वरून ओलं पीठ.

"आई, ही एकाच बाजूने भाजली आहे."

"हो. आता तो येईपर्यंत अशीच," आई म्हणाली.

आमच्या घरात काही उलटायचं बंद झालं. भाकरी उलटायची नाही. घासलेली भांडी पालथी घालायची नाहीत. पावसाचं पाणी साचून त्यांत डास झाले. काशीकाकूंनी आपल्या घरचं सूप आमच्या पायरीवर पालथं ठेवलं, तर आईने त्यांच्याशी बोलणं टाकलं. माझं पोट बिघडलं. वैद्यांनी विचारलं, "जेवणात काही बदल?" मी नाही म्हणालो. काय सांगणार?

मग आईलाच युक्ती सुचली. तव्यावर भाकरी, तिच्यावर झाकण, झाकणावर निखारे. "वरून आच दिली की उलटावी लागत नाही. दत्तूनेच शिकवलंय," ती म्हणाली. भाकरी कौलासारखी कडक व्हायची. आम्ही आमटीत बुडवून खायचो.

पावसाळ्यात बोटी बंद. टपाल घाटावरून यायचं, त्यात दत्तूचं पत्र नसायचं. श्रावणात वर्तमानपत्रात आलं की चीनच्या समुद्रात मोठं तुफान झालं. मी तो अंक पाटाखाली सारला. आईला वाचता येत नव्हतं, दिसतही नव्हतं. संध्याकाळी ती म्हणाली, "आज पेपर वाचून दाखवला नाहीस."

"आला नाही आज."

"मग पाटाखाली कसला कागद वाजतोय?"

मी तो काढला आणि वाचला. तुफानाची बातमी सोडून सगळा वाचला. ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "बरं."

*

भाद्रपदात आईला ताप भरला. डॉक्टर आले. नळी कानात घालून म्हणाले, "आजी, जरा पालथ्या व्हा. पाठ तपासायची आहे."

आईने दोन्ही हातांनी बाजलं धरलं. "दत्तू आला की होईन."

"दत्तू कोण?"

"माझा मुलगा. दर्यावर आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तिला बसवून तपासा." ती बसेना, कुशीवरही वळेना. यमुना तिच्या पाठीखाली हात सरकवून सरकवून शेकत राहिली. सहा दिवस आई उताणी पडून होती आणि सातव्या दिवशी पहाटे तशीच गेली. आंघोळ घालताना बायका तिला कुशीवर करायला लागल्या, तेव्हा यमुना म्हणाली, "नको. सरळच उचला." 

नवव्या दिवशी दत्तूचं पत्र आलं. बोट दुरुस्तीला लागली म्हणून उशीर, मी खुशाल, आईला सांगा.

*

कार्तिकात दत्तू आला. पडावातून उतरताना त्याने माझ्या डोक्यावरचे नुकते उगवलेले केस पाहिले आणि हातातली पेटी खाली ठेवली. मला काही सांगावं लागलं नाही.

आईने मासा उलटल्याचं, भाकऱ्यांचं, बाजल्याचं आम्ही त्याला सांगितलं नाही. ठरवून नाही. एकदा सांगायचं राहिलं आणि मग राहूनच गेलं.

पौषात तो परत निघाला. आदल्या दुपारी त्याने स्वतः तांबोशी आणली, स्वतः निखारे घातले. आम्ही तिघं जेवायला बसलो. बऱ्याच दिवसांनी घरात हसणं झालं. दत्तू हेडमास्तरांची नक्कल करत होता, आईने मनगट कसं धरलं ते माझं मनगट धरून दाखवत होता. "आणि आई अशी उभी," तो म्हणाला, आणि बोलता बोलता दुसऱ्या हाताने त्याने मासा उलटला.

यमुनेचा हात भातावरच थांबला.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाही, भावोजी. भात वाढू?"

"वाढा की." तो खालच्या बाजूचा मोठा तुकडा तोंडात टाकून म्हणाला, "आज मासा काय झालाय!"

सकाळी मी त्याला पडावात बसवलं. बोट दिसेनाशी होईपर्यंत बंदरावर उभा राहिलो. तिथूनच शाळेत गेलो आणि दुपारी जेवायला घरी आलो. दारातूनच धूर दिसला. स्वयंपाकघरात यमुना माझ्याकडे पाठ करून बसली होती. चुलीवर तवा होता, तव्यावर झाकण, आणि झाकणावर ती चिमट्याने एकेक निखारा रचत होती.

मी हातपाय धुतले आणि पाटावर येऊन बसलो.