अण्णा आणि तंबी

माझा अण्णा, म्हणजे थोरला भाऊ, अंगापिंडानं चांगला पुरुष झाला होता; समज मात्र लहान मुलाएवढीच राहिली. आई होती तोवर त्याचं आंघोळ-जेवण तीच बघे. ती गेल्यावर कुंभकोणमच्या घरात आम्ही तिघंच उरलो: शाळेत शिकवणारे अप्पा, अण्णा आणि मी. अप्पा शाळेत गेले की मला न जुमानता अण्णा रस्त्यावर निघे. एकदा एका लग्नाच्या मिरवणुकीत तो नवरीचा हार बघायला पुढं झाला आणि त्यानं हाराला हात लावला. लोकांनी त्याला बेदम मारलं. फुटलेल्या ओठानं तो घरी आला तो हसतच. त्याला तोही खेळच वाटला होता.

त्यानंतर अप्पांनी त्याला तिरुविडैमरुदूरला मामींकडे ठेवलं. मामी आमच्या नात्यातल्या नव्हत्या, सगळं गावच त्यांना मामी म्हणे. त्यांचा एकुलता मुलगा असाच होता आणि तरुणपणीच वारला. पुढं विधवा झाल्यावर त्यांनी अशाच काही जणांना घरात घेतलं. "माझी मुलं," त्या म्हणत, आणि त्यातल्या एकाचे केस पिकले होते.

पहिल्या भेटीला मी जीव मुठीत धरून गेले. अण्णा रडेल, माझ्या पदराला धरेल, असं वाटलं होतं. तो मागच्या पडवीत एका काळ्या, किडकिडीत माणसाशेजारी बसला होता. दोघं केळीच्या वाळलेल्या सोपटांचे दोरे काढत होते. देवळापुढचे हारवाले फुलं गुंफायला ते नेत. त्या माणसाला बोलता येत नव्हतं. तो कोणाचा, कुठला, काही ठाऊक नव्हतं. नदीकाठी सापडला म्हणून मामींनी आणला. त्या त्याला तंबी म्हणत, धाकट्या भावाला तमिळमध्ये म्हणतात तसं.

अण्णानं माझ्याकडं पाहिलं आणि त्या माणसाला आमच्या घरच्या मराठीत सांगितलं, "तंबी, ही माझी."

तंबीनं मान डोलावली. अण्णा आपलं बोलत राही, तंबी ऐकत राही. पान वाढलं की तंबी येईपर्यंत अण्णा घास उचलत नसे. आईच्या मागं त्याचं कोणी उरलं नाही, असं मी समजत होते. त्या दिवशी परतीच्या गाडीत अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इथं बरा आहे गं तो."

काही वर्षं अशीच गेली. मग एका उन्हाळ्यात मामींना ताप आला आणि त्यातच त्या गेल्या. त्यांचे पुतणे आले. माणसं वाईट नव्हती, पण त्यांना घर मोकळं हवं होतं. आपापली माणसं घेऊन जा, असा निरोप आला.

आम्ही गेलो तेव्हा बाकीच्यांचे नातलग येऊन गेले होते. पडवीत दोघंच बसले होते. अप्पांनी अण्णाचं गाठोडं उचललं. अण्णानं तंबीचा हात धरला आणि दोघंही उठले.

मी म्हणाले, "अप्पा, त्यालाही नेऊ या."

"कोणाचा, कुठल्या जातीचा, काही माहीत आहे का आपल्याला?" अप्पा हळू आवाजात म्हणाले. "उद्या तुझं लग्न व्हायचंय. एकालाच सांभाळताना माझी दमछाक होते."

"मग तो कुठं जाणार?"

"गावचा मुन्सिफ, इथला पाटील, त्याला मद्रासला पाठवतोय, वेड्यांच्या सरकारी इस्पितळात. तिथं बघतील त्याचं."

पुतण्यांनी अण्णाची बोटं एकेक करून सोडवली. तंबी जागचा हलला नाही. अण्णा स्टेशनापर्यंत ओरडत होता, "माझा तंबी! माझा तंबी!"

घरी आल्यावर तो पानावर बसे आणि दाराकडं बघत राही. मी भरवलं तर घास तोंडात धरून ठेवी. तो दिवसेंदिवस वाळत गेला. एका सकाळी अप्पा त्याच्यासमोर बसले होते. पेज निवून गेली होती. एकाएकी ते म्हणाले, "मी त्याला घेऊन येतो," आणि त्याच दिवशी मद्रासच्या गाडीत बसले.

परत आले ते एकटेच. हातपाय धुऊन माझ्याशी बोलले.

"नाव विचारलं. बापाचं नाव, गाव, जात. मी काय सांगू? तिथला अधिकारी भला होता. म्हणाला, आत जा, ओळखा. मोठं अंगण होतं गं. सगळ्यांचं डोकं भादरलेलं, सगळ्यांचे कपडे सारखे. मी दोनदाच पाहिला होता त्याला नीट. शेवटी हाक मारली, 'तंबी!'"

हातातला पंचा त्यांनी दांडीवर टाकला.

"कितीतरी जण वळले. इथं कोणालाही तंबीच म्हणतात ना. काही तर उठून माझ्याकडं यायला लागले."

अण्णा आतून आला. अप्पांच्या मागं कोणी आहे का ते त्यानं वाकून पाहिलं. "तंबी?"

"नाही आला रे, बाळा," अप्पा म्हणाले. अण्णाला बाळ म्हणताना मी त्यांना त्या एकदाच ऐकलं.

मार्गशीर्षात अण्णाला साधाच ताप आला. अंगात काही उरलंच नव्हतं. कावेरीच्या वाळवंटात अप्पांनी त्याला अग्नी दिला.

वर्षश्राद्धाला पिंड ठेवून झाल्यावर अप्पांनी शास्त्रींना विचारलं, "आणखी एकासाठी ठेवता येईल का? नाव, गोत्र काही माहीत नाही."

"चालेल, तशी सोय आहे शास्त्रात," शास्त्री म्हणाले. "कधी वारले?"

"वारला की आहे, तेही माहीत नाही."

शास्त्रींनी मान हलवली. "जिवंत माणसाला पिंड कसा द्यायचा?"

अप्पांनी हातातल्या भाताकडं पाहिलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि तो भात त्यांनी परत परातीत ठेवला.