देवंतीचा स्लॅब

आमच्या बेटाने किती प्रगती केली ते बघायला परदेशातून साहेब लोक येतात. त्यांना बंदर दाखवतात, उंच बँका दाखवतात. मला कोणी विचारलं, तर मी त्यांना सरळ आमच्या गावी, लालमाटीला आणीन आणि देवंतीच्या घरासमोर उभं करीन.

देवंती माझी शेजारीण. नवरा उसाच्या गाडीखाली गेला तेव्हा तिच्या पदरात दोन मुली आणि घरात सासू. घर पत्र्याचं. पंच्याहत्तर सालच्या वादळात छप्पर उडालं, ते उसातून शोधून आणून पुन्हा ठोकलेलं. ऊसतोडीवर भागेना म्हणून ती कारखान्याच्या व्हॅनमधून नव्या कारखान्यात स्वेटर विणायला जाऊ लागली. थंडी कशाशी खातात ते आम्हाला ठाऊक नाही, पण अर्ध्या जगाचे स्वेटर आमच्या बायका विणायच्या! थोरला दीर बिसून खवळला, "घरची सून व्हॅनमधून गावभर फिरते, लाज नाही!" सासूही, जिला सगळे माई म्हणतात, व्हॅन दिसली की तोंड फिरवायची.

तिच्या पगारातून हळूहळू सिमेंटच्या भिंती उभ्या राहिल्या. उरला स्लॅब. आमच्याकडे स्लॅबच्या रविवारी सगळा गाव येतो, घमेली हातोहात वर चढवतो आणि घरधनी जेवू घालतो. काम मध्येच थांबवून चालत नाही, नाहीतर सांधा राहतो आणि पुढच्या वादळात तिथूनच पाणी शिरतं. बिसूनने घरोघर बजावलं, "तिच्याकडे जो जाईल, त्याचा-माझा संबंध संपला."

रविवारी सकाळी गवंडी गाएतां, त्याचे दोन गडी आणि माझा नवरा, एवढेच आले. मी चुलीवर भलं मोठं पातेलं चढवून बसले होते. मला रडूच येत होतं.

गाएतां म्हणाला, "देवंती, चार माणसांत हे होणार नाही. राहू दे आज."

"थोडं थांब ना."

"कोणाची वाट बघतेस?"

तेवढ्यात कोपऱ्यावर कारखान्याची व्हॅन वळली. आतून बायका उतरतच राहिल्या: आफ्रिकी वंशाच्या क्रिओल, तमिळ, मुसलमान, दोन चिनी मुलीसुद्धा. पुढे मारी-लुईझ, देवंतीच्या शेजारच्या मशीनवरची.

"अगं, तुम्हाला कोणी सांगितलं?" देवंतीने विचारलं.

"तुझ्या सासूने! काल तू रजेवर होतीस ना? म्हातारी चौकात व्हॅनसमोर आडवी उभी राहिली. ड्रायव्हर घाबरलाच!"

माई माझ्या शेजारी कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "बोलत काय बसलात? सिमेंट सुकतंय."

संध्याकाळी स्लॅब पुरा झाला. एकही सांधा नाही. माईने स्वतःच्या हाताने त्या पोरींना केळीच्या पानावर वाढलं. जन्मभर परक्या जातीच्या माणसाला तिने पाणीसुद्धा लांबून दिलं होतं.

पुढच्याच फेब्रुवारीत वादळ आलं. बिसूनचं छप्पर दुपारीच गेलं. बायकापोरांना घेऊन तो देवंतीच्या दारात भिजत उभा राहिला. तिने दार उघडलं आणि टॉवेल पुढे केला. आम्हीही तिथेच होतो, आमचे पत्रेही गेले होते. त्या घराचे आणि कारखान्यातल्या त्या पोरींचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

वाऱ्याच्या प्रत्येक दणक्याला बिसून छताकडे बघत होता. शेवटी माई म्हणाली, "वर काय बघतोस रे? बायकांनी टाकलाय. नीट झोप."