मागावरचा चष्मा

नेपाळहून चंदीगडजवळच्या झिरकपूरला घरी परत येऊन चार दिवस झाले, पण बॅग अजून तशीच पडलीय. नवरा एअरफोर्समधला, त्याला असला पसारा बघवत नाही... तरी बिचारा गप्प आहे. आधी हे लिहून टाकते, मग बॅग.

मी चंदीगडमध्ये डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये चष्म्याचे नंबर काढते. इथून आम्ही सहाजण नेपाळच्या एका डोंगरातल्या गावात आठवडाभर मोफत शिबिराला गेलो होतो. डोळे तपासायचे आणि जवळचं दिसत नसेल त्यांना तिथल्या तिथे तयार चष्मा द्यायचा. म्हटलं, यात काय अवघड... हे तर मी झोपेतही करीन.

गावातून परत निघायच्या आदल्या दिवशी शिबिरात चंद्रमाया आजी आल्या. नेपाळी टोपीचं रंगीत कापड असतं ना, ते त्या मागावर विणायच्या. धागे दिसेनासे झाले म्हणून वर्षभर माग सुनेकडे होता आणि आजी नुसत्या बाजूला बसून. मी हातात तपासायचं कार्ड दिलं, चष्मा चढवला, कार्डावरची बारीक चित्रं लख्ख दिसली. आजी खूश, मी त्याहून खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी पुन्हा हजर. चष्मा रुमालात नीट गुंडाळलेला. बरोबर सून इंद्रा. तिचा नवरा इकडे मोहालीत कामाला असतो, त्यामुळे तिला हिंदी छान येते. ती म्हणाली, मागावर बसलं की सगळं धूसर दिसतंय.

खरं सांगते, मी वैतागले. दुपारी निघायचं होतं, रांग दाराबाहेर गेलेली... आणि काल तर दिसत होतं की सगळं!

आजी शांतपणे काहीतरी बोलल्या. इंद्राने खाली बघत सांगितलं, "त्या म्हणतायत, चष्मा चांगला आहे. माझे डोळेच संपलेत. हा दुसऱ्या कुणाला तरी द्या."

भांडायला आल्या असत्या तर परवडलं असतं...

मी विचारलं, विणताना हात कुठे असतात? आजींनी दोन्ही हात लांब पुढे केले आणि हवेतच धोटा इकडून तिकडे फेकून दाखवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नंबर मी काढला होता पुस्तकाच्या अंतराचा, आणि मागावरचे धागे तर त्याहून लांब. आजींनी जन्मात पुस्तक हातात धरलेलं नाही.

इथे आयटी पार्कमधून कुणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो, स्क्रीन किती लांब असतो? आणि तिथे आठवडाभर एकाही बाईला मी विचारलं नाही की बाई गं, तू काम काय करतेस? लाज वाटली, खूप.

आमच्याबरोबरच्या डॉक्टरांना रांग सांभाळायला सांगितली, भिंगांची पेटी उचलली आणि आजींच्या मागोमाग घराचा चढ चढले. आजी सरसर पुढे, मी धापा टाकत मागे. त्यांना मागावर बसवलं आणि भिंगं बदलत गेले. नंबर कमी केला... अजून थोडा कमी...

आजींनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. धाग्यांवरून बोट फिरवत गेल्या, एका जागी थांबल्या. सुनेची नक्षी चुकली होती! त्यांनी लगेच तेवढा भाग उसवायला घेतला. "आता रोज बोलणी खायची," असं म्हणत इंद्रा हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग काय, मीही.

खाली येऊन, निघेपर्यंत जेवढ्या विणणाऱ्या बायकांना निरोप पोचला, तेवढ्यांचे चष्मे बदलून दिले. बाकीच्या राहिल्या.

आजी, तुम्ही चष्मा परत करायला आलात म्हणून माझी चूक मला कळली, तुमचे उपकार आहेत. पण ज्या आल्या नाहीत, त्यांनी तो कुठेतरी फळीवर ठेवून दिला असेल... आणि आपले डोळेच संपले, असं समजून बाजूला बसून असतील.