पाटावर उभी

"घरून पाट घेऊन ये. तुमच्या लोकांत उंची नसतेच, तू तरी काय करणार?"

सुपरवायझर हे सगळ्या बायकांसमोर बोलला. हसत. नव्वदच्या आसपासची गोष्ट. कोलशेतला औषधांच्या कारखान्यात मी नवीनच लागलेले. बाटल्या भरायचं टेबल माझ्या छातीला लागायचं. हात वर धरून धरून खांदे भरून यायचे. टेबल खाली करता येईल का, एवढंच मी विचारलेलं.

दुसऱ्या दिवशी पाट नेला. नोकरी हवी होती, लाज गिळली. निघताना आई म्हणाली, "जेवायच्या पाटावर पाय देशील?" तेव्हा ध्यानात आलं, त्या पाटावर मी कधी बसलेच नव्हते. पाट बापाला नि भावांना. मी नि आई मागून जेवायचो, चुलीपाशी, जमिनीवर, उरेल ते. बाप वस्तीच्या सभेत समतेवर तासभर बोलायचा. घरी पहिलं ताट त्याचंच.

आमची वस्ती आंबिवलीला. पाणी गढूळ. दर पावसाळ्यात पोट बिघडायचं, अंगाला काही लागायचंच नाही. धाकटी बहीण तेवढी सुटली. मावशीला मूल नव्हतं, तिने तिला तान्ही असतानाच कोलशेतला नेलं. शेजार कोळ्यांचा. रोज ताजी मासळी, वर दूध, आणि खाणारी ती एकटी. पोरगी ताडमाड वाढली.

एका दुपारी ती मला कालवण द्यायला कारखान्याच्या गेटवर आली. सुपरवायझर तिथेच उभा.

"ही कोण?"

"सख्खी बहीण."

त्याने तिला पाहिलं, मग मला पाहिलं. "मग बाप वेगळा असणार."

बहिणीने मान खाली घातली. मला स्वतःबद्दल ऐकून घ्यायची सवय होती. पण आई डोळ्यांसमोर आली. जन्मभर अर्धपोटी राहिलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिच्यावर हा माणूस घसरला. डोकंच फिरलं माझं.

"आई एक, बाप एक. ताट वेगळं होतं, साहेब. माझ्या आईबद्दल परत बोलायचं नाही. आणि मी पाटावर चढणार नाही. टेबल खाली करा."

"उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत."

घरी आईला सगळं सांगितलं. त्याचं घाणेरडं बोलणं तिने झटकून टाकलं. माझं ताटाचं बोलणं ऐकलं आणि रडायला लागली. "तुला मीच कमी वाढलं गं," म्हणाली. मग मलाही रडू आवरेना. तिला तरी कुणी पोटभर वाढलेलं? आजी तर तिच्याहून बुटकी. पिढ्यान् पिढ्या आमच्या बायका खरवडून खात आल्या, आणि लोक म्हणतात, रक्तातच आहे.

संध्याकाळी बाप नि भाऊ जेवायला बसले. मी आईचा हात धरून तिला त्यांच्या ओळीत बसवलं. शेजारी मी बसले. भाकऱ्या सगळ्यांना सारख्या वाढल्या.

बाप म्हणाला, "नोकरी घालवून आलीस, वर हे काय नवीन?"

"माझी हाडं आता वाढायची नाहीत," मी म्हणाले. "पण या घरात यापुढे मागून कुणी जेवणार नाही. पटत नसेल तर चूल पेटणार नाही."