आधी त्यांना द्या

“आधी ताईंना द्या भाऊ,” तो तिसऱ्यांदा म्हणाला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

चोपड्यात माझं मेडिकल आहे. सकाळी साडेदहाची गर्दी. एक बाई गेली की दुसरी यायची, आणि हा चोवीस-पंचवीसचा गडी प्रत्येकीला पुढे जाऊ देत होता. अधूनमधून माझ्या मागच्या भिंतीकडे बघायचा. तिथे माझी बी.फार्मची डिग्री फ्रेम करून लावलेली आहे. आमच्या घरात दहावीपुढे गेलेला मी पहिला. मला वाटलं, डिग्री वाचतोय. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू!

सव्वा तासाने काउंटर रिकामं झालं.

“पोटदुखीची गोळी द्या.”

“कुठं दुखतंय?”

“पोटात.”

मी गोळी काढलीसुद्धा होती. तेवढ्यात तो वळला आणि गटारात ओकला. परत आला तो वाकून, पाय फाकवून. पोट दुखणारा माणूस असा चालत नाही. मी त्याला आत फ्रिजजवळ नेलं, शटर अर्धं ओढलं.

“आता कोणी नाही. खरं सांग.”

“खाले दुखस भाऊ,” तो फरशीकडे बघत म्हणाला. “एकच बाजूले. गोटी वर चढी गई शे.”

तो साक्रीकडचा. इथे ट्रकमध्ये केळीचे घड भरायचा. सकाळी सातला भरता भरता अचानक कळ आली होती.

वृषणाला रक्त नेणारी नळी देठासारखी असते. तिला पीळ बसला की रक्त बंद. याला टॉर्शन म्हणतात. साधारण सहा तासांत पीळ सुटला तर वृषण बहुतेक वाचतं, पुढे आशा कमी होत जाते. तिथे जंतुसंसर्गानेही दुखतं, मार लागून, हर्नियाने, मुतखड्यानेही. कधी अँटिबायोटिक लागतं, कधी आराम आणि घट्ट चड्डीचा आधार पुरतो. पण कोणतं काय, हे डॉक्टरने ठरवायचं. अचानक, एका बाजूला आणि वर उलटी, म्हणजे थांबायचं नाही.

जळगावच्या ओळखीच्या सर्जनना फोन लावला.

“किती तास झाले?”

“पावणेपाच.”

“गोळी देऊ नकोस. पाणीही नको. निघा.”

“घरी कळवू?” मी त्याला विचारलं.

“नको भाऊ. लगीन ठरेल शे मनं.”

“सोबत कोण येईल?”

“कोनी नही.”

दुकान बंद केलं, गाडी ठरवली. तापीच्या पुलावर तो पहिल्यांदा बोलला. “तुम्ही शिकेल शेतस. वाटनं, न सांगता समजी जाई.”

मी ड्रायव्हरला गाडी आणखी पळवायला सांगितलं.

जळगावच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. डॉपलर सोनोग्राफीत रक्त कसं वाहतंय ते दिसतं. त्याच्या डाव्या बाजूला काहीच वाहत नव्हतं. फॉर्मवर सोबतच्या माणसाचं नाव आणि नातं लिहायचं होतं. नात्यापुढे मी ‘मेडिकलवाला’ लिहिलं.

ऑपरेशननंतर सर्जन बाहेर आले. “डावं काढावं लागलं. काळं पडलं होतं. उजव्याला पीळ बसू नये म्हणून टाके घालून पक्कं केलंय.”

“मुलंबाळं?”

“एकावर होतात. सांग त्याला, लग्न खुशाल कर म्हणावं.”

“तासभर आधी आणलं असतं तर?”

“कदाचित वाचलं असतं.”

तो तास त्याने माझ्यासमोर उभं राहून काढला होता, हे मी सांगितलं नाही.

घरी बायकोने विचारलं, दुपारी दुकान का बंद होतं? म्हटलं, लाइट नव्हती.

त्याचं लग्न झालं. आता तो समोरच्या मेडिकलमधून औषध घेतो. माझ्याकडे बघत नाही. त्याचंही बरोबर आहे. अख्ख्या चोपड्यात ही गोष्ट माहीत असलेला मी एकटा.

आता काउंटरवर कोणी पुरुष ‘आधी त्यांना द्या’ म्हणाला, की मी हातातलं पाकीट खाली ठेवतो आणि आधी त्यालाच आत बोलावतो. बहुतेकांना खरंच घाई नसते. ते चिडतात. चिडू देत.