ओटीपी तिनंच वाचून दाखवला

मंडळी, दुपारपासून कशातच मन लागत नाहीये, म्हणून लिहितेय.

खांदा कॉलनीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. आज नेऱ्याहून एक काका आले, सोबत बारावी झालेली मुलगी. तिच्या कॉलेजचा फॉर्म भरायचा होता.

मध्येच साइट अडकली. मी वैतागले, तर ती पोरगी काउंटरच्या आत आली आणि दोन मिनिटांत सगळं सुरू करून दिलं.

मी म्हटलं, "काका, हिला एवढं येतं, मग घरीच भरायचा ना!"

काका कौतुकानं हसले. "आख्ख्या गावाचं फॉर्म हीच भरते. पन हिचा हिला दिला तर ही कम्प्युटरच टाकील. मंग नोकरीला पुन्याला जानार. आमाला नाय पाठवायची. तुमी बी.ए. टाका."

मुलगी स्क्रीनकडे बघत राहिली. मी बी.ए. टाकलं.

ओटीपी काकांच्या फोनवर आला. त्यांना चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून फोन त्यांनी तिच्याच हातात दिला. तिनं सहाही आकडे सावकाश वाचले, मी टाइप केले आणि फॉर्म गेला.

मुलींना कम्प्युटरची आवडच नसते, असं मीही कितीदा म्हटलंय. आज समोर बसलेल्या मुलीला "तुला काय हवंय गं?" एवढंही मी विचारलं नाही.

जाताना ती मला म्हणाली, "थँक्यू, ताई."

कशाबद्दल, ते तुम्हीच सांगा.